वाटणी न होणारा आकडा

हडपसर
५ जानेवारी २०२५

प्रिय शमशू,

नमस्कार. तू बरा असशील, न्हाईतर कमरजहां वहिनींनी कळवलं असतं. फोनच करणार व्हतो. पण फोन कानाला लावला की तुजं कानातलं मशीन कुकरसारखी शिट्टी मारतं, आन् पुढं मी काय बी बोललो तरी तू मला गॅस बंद करायला सांगतोस. भेटायला यावं, तर इथनं मंडईत पोचेस्तोवर भेटायचं कारणच शिळं होतं. म्हणून पत्र.

आमच्या मळ्यावर सोसायटी उभी राहिली, लोक राहायला आले, पण सोसायटीला अजून नाव न्हाई. मी म्हणलं तात्यांचं नाव देऊ. त्यावर आमचा धाकटा पोपट म्हणला, आईचं द्यायचं. त्याला आईचा पुळका आलाय असं समजू नको. मी आईचं म्हणलो असतो तर त्यानं तात्यांचं काढलं असतं.

खरं दुखणं निराळं हाय. बिल्डरनं आम्हाला जमिनीच्या बदल्यात पाच फ्लॅट दिले. दोन त्याला, दोन मला. पाचव्याला त्यानं एक कुलूप लावलं, मी दुसरं लावलं. तीन वर्षं झाली, दाराला दोन कुलपं हायत आन् आमची बोलाचाली बंद हाय. कायतरी सांगायचं असलं तर मी बायकोला सांगतो, मथुरा खिडकीतनं ओरडून त्याला सांगते. ओरडल्यावर मला बी ऐकू जातंच, तरी मी परत विचारतो, काय म्हणला?

सोसायटीचा सेक्रेटरी रविराज म्हणून एक पोरगा हाय. हिंजवडीला कंपनीत जातो. म्हणजे सकाळी बसमधी बसतो आन् संध्याकाळी बसमधनं उतरतो, मधी कंपनी लागते का न्हाई देव जाणे. तो म्हणला, काका, 'ग्रीन' काहीतरी ठेवू. म्हणलं बाबा, मी ऊस काढला तवाच हिरवं संपलं.

मंग मला वाटलं, नावच नको. नावाला भावकी असते. आकडा देऊ. आकड्याला ना आई ना बाप. पण आकडा असा पाहिजे की ज्याची कुणाला वाटणी करता येणार न्हाई. आमच्या घरात दिसलं त्याची वाटणी झालीय. पाणी तापवायचा तांब्याचा बंबसुद्धा सोडला न्हाई. बंब पोपटकडं हाय, त्याची तोटी माझ्याकडं.

तू जन्मभर शाळेत गणित शिकवलंस. एक मोठा, दांडगा आकडा दे. गेटच्या भिंतीवर शोभला पाहिजे.

तुजा
जयसिंग

*

मंडईजवळ, पुणे
९ जानेवारी २०२५

प्रिय जयसिंगराव,

पत्र मिळाले. निवृत्त झाल्यापासून मला गणितातले कोणी काही विचारत नाही. शेजारचे विचारतात ते पंख्याला किती वॅट लागतात. त्यामुळे तुझे पत्र दोनदा वाचले. एकदा आनंदाने आणि एकदा शुद्धलेखनासाठी.

ज्या संख्येची वाटणी होत नाही तिला मूळ संख्या म्हणतात. एक आणि ती स्वतः, याखेरीज तिला कशानेही पूर्ण भाग जात नाही. हे आपल्याला सातवीत शिकवले होते. मी तुझ्याच बाकावर होतो, म्हणून खात्रीने सांगतो की तू झोपला होतास.

सात, अकरा, तेरा या मूळ संख्याच आहेत, पण तुला दांडगी हवी. तर ही घे:

७३९३९१३३

सात कोटी एकोणचाळीस लाख एकोणचाळीस हजार एकशे तेहतीस. दोन भावांत वाट, तीन भावांत वाट, अख्ख्या हडपसरात वाट. काही ना काही उरणारच.

पण अशा संख्या पुष्कळ आहेत. हीच का, ते ऐक. हिचा शेवटचा अंक काढून टाक. जी उरते तीही मूळ संख्या. तिचाही शेवटचा काढ. उरलेली पुन्हा मूळच. असे शेपटीकडून एकेक अंक तोडत थेट सातापर्यंत ये, कुठेही वाटणी होत नाही. पालीची शेपूट तुटली तरी पाल पालच राहते, तसे. आणि या जातीची ही सर्वांत मोठी संख्या आहे. हिच्या मागे नववा अंक कोणताही जोडून बघ, वाटणी सुरू! अख्ख्या अनंत आकड्यांत अशी थोरली हीच, आणि ती आता तुझ्या गेटवर पाण्याच्या टँकरकडे बघत उभी राहणार.

हे लिहिताना माझे डोळे पाणावले. कमरजहांने विचारले, कांदा चिरलात का. मी म्हटले, मूळ संख्या. ती म्हणाली, मग चिरूनच टाका, भाजीत घालते.

तुझा
शमशुद्दीन बागवान

*

हडपसर
६ फेब्रुवारी २०२५

प्रिय शमशू,

आकडा लागला! स्टीलचा, एकेक अंक हातभर उंच. सभेत पास झाला. पोपट सोडून सगळ्यांचे हात वर. आयटीवाली पोरं तर खुळी झाली. रविराजनं मोबाईलमधी घालून बघितलं आन् म्हणला, काका, खरंच कशानंच भाग जात नाही, टोटल सॉलिड आहे.

थोडा घोटाळा चाललाय. पार्सलवाले गेटवर उभं राहून हा नंबर फोनमधी लावतात आन् 'लागत नाही' म्हणून परत जातात. एका म्हातारीला वाटलं, एका फ्लॅटची किंमत हाय. ती तिथनंच हात जोडून माघारी फिरली.

पोपटनं गप बसायचं तर त्याला पोपट कोण म्हणेल? त्यानं कुठनंतरी अंकशास्त्रवाला धरून आणला. गळ्यात माळा, हातात टॅब. त्यानं सगळे अंक मिळवले. अडतीस आले. तीन आन् आठ मिळवले, अकरा. एक आन् एक, दोन. मंग डोळे मिटून म्हणला, "दोन! दोन म्हणजे फूट!" मथुरा म्हणली, "एवढं मिळवायची काय गरज व्हती, या दोघांकडं बघूनच सांगितलं असतं."

पण आता खरंच इपरीत झालंय. काल टँकर मागं घेताना भिंतीला घासला आन् शेवटचा तीन खाली पडला. त्याच्यावरनं टँकरचं चाक गेलं. त्याची पार भाकरी झालीय. तू शेपटीचं लिव्हलं व्हतंस ते मला आठवतंय, पण पोपट सगळ्यांना सांगत फिरतोय की आता आकडा फुटला. येत्या बुधवारी सभा हाय. मास्तर म्हणून छातीठोक लिहून दे.

तुजा
जयसिंग

*

पुणे
८ फेब्रुवारी २०२५

जयसिंगराव,

छातीठोक लिहितो. ७३९३९१३ ही मूळ संख्या आहे. कालही होती, टँकर येण्याआधीही होती, तुझा-माझा जन्म व्हायच्या आधीही होती. पोपटरावांना सांग, कुठल्याही आकड्याने भागून बघा आणि बाकी उरली नाही तर मला बोलवा. मी स्वतः रिक्षा करून येईन.

अंकशास्त्राबद्दल मी काही लिहीत नाही. अंकही नाही आणि शास्त्रही नाही, त्यावर शाई कशाला खर्च करू?

शमशुद्दीन

*

हडपसर
२६ फेब्रुवारी २०२५

प्रिय शमशू,

तुज्या आकड्याला आता गावात देवाइतका मान हाय. आन् थोडा पोलिसांचा तरास.

झालं असं. सभा जिंकली, पण चार दिवसांनी बघतो तर मागचा आणखी एक तीन गायब. रविराजनं मोबाईल काढला, म्हणला अजून सॉलिड. पोरांनी टाळ्या वाजवल्या. पुढच्या आठवड्यात एक गायब. परत सॉलिड! परत टाळ्या! आता भिंतीवर ७३९३९ एवढंच हाय.

पण रस्त्यावरच्या लोकांना मूळ आन् खोड काय ठावं? त्यांना एवढंच दिसतं की या भिंतीवर रोज सकाळी आकडा असतो आन् मधनंच बदलतो. मंग त्याचा अर्थ एकच. मटका! पहाटे माझ्या गेटवर गर्दी. पेपरवाला, दूधवाला, दोन रिक्षावाले, एक जण तर सासवडवरनं आलेला. मला हळूच विचारतात, "आप्पा, आज काय उडणार?" मी म्हणलं, अरे हा न वाटला जाणारा आकडा हाय. तर तो मागच्याला म्हणतो, "ऐकलंस का? आज वाटत न्हाईत, उद्या या."

काल एक हवालदार आले. मला म्हणले, "आकडा कोण लावतो इथं?" मी छाती काढून म्हणलं, "मीच लावला!" मथुरानं कपाळाला हात मारला. मंग रविराज धावत आला आन् त्यानं त्यांना उभ्या उभ्या मूळ संख्या समजावली. हवालदार शांतपणे ऐकून म्हणले, "म्हणजे याच्यात कुणालाच काही मिळत नाही?" आम्ही म्हणलं, न्हाई. ते म्हणले, "मग एवढी माणसं का खूश आहेत?" आन् चहा घेऊन गेले.

अंक कोण नेतंय कळत न्हाई. मला वाटतं माकडं असतील. स्टील चकाकतं.

तुजा
जयसिंग

*

हडपसर
२७ फेब्रुवारी २०२५

आदरणीय बागवान सर,

शिरसाष्टांग नमस्कार. मी पोपट लोणकर, आठवी 'क'. आपण माझे सर होता. माझा कान आपल्याला आठवत असेल, मला आपला हात आठवतो.

सर, हे पत्र दादाला सांगू नका. भिंतीवरचे तीन आणि एक मीच काढले. पान्हा लागतो, दोन बोल्ट असतात. ते अंक माझ्या पलंगाखाली सुरक्षित आहेत. टँकरचा मात्र माझा नव्हे, देवाचा.

मला वाटले, एक अंक काढला की आकडा मोडेल आणि दादाचे नाक खाली होईल. पण काढावा तर लोक टाळ्या वाजवतात. परत काढला, परत टाळ्या! सर, मी दुश्मनी करतोय का दादाचा कार्यक्रम करतोय तेच मला समजेना. काल बायको म्हणाली, आणखी एखादा काढा, दादांचा पुतळाच बसवतील.

सर, मी शाळेत आपल्याला कधी एक शंका विचारली नाही, कारण शंका यायला आधी काहीतरी समजावे लागते. आता पहिल्यांदा आली आहे. हा आकडा मोडतो तरी कसा? रात्रंदिवस डोक्यात तेच आहे. जेवताना चपातीचे तुकडे करतो आणि किती उरले ते मोजतो.

आपला विद्यार्थी
पोपट

*

पुणे
२ मार्च २०२५

चि. पोपट,

अनेक आशीर्वाद.

तुझे पत्र मिळाले. तुझा दादा माझा मित्र आहे. त्याच्या भिंतीवरून अंक चोरणाऱ्याला मी मदत करणे बरे नव्हे. कमरजहांचेही तेच मत पडले. पण शिक्षकाला शंका विचारली आणि त्याने तोंड फिरवले, तर त्याने पेन्शन कशाची घ्यायची? आणि तू! तुझ्या उत्तरपत्रिकेत मी एकदा फक्त गणपतीचे चित्र पाहिले होते.

तेव्हा नियम सांगतो, उत्तर सांगणार नाही. एक: तू शेपटीशी झटतो आहेस, तिथे हा आकडा अजिंक्य आहे. प्रत्येक जनावराला दुसरेही टोक असते. दोन: एखाद्या संख्येच्या सर्व अंकांची बेरीज कर. त्या बेरजेला तीनाने भाग जात असेल तर संख्येलाही जातो. हे मी आठवीत शिकवले होते, तुझ्या गणपतीच्या वेळी.

चोरलेले अंक परत लाव. ही आज्ञा समज. बाकीचे तुझे तू बघ.

बागवान सर

*

हडपसर
१० मार्च २०२५

शमशुद्दीन,

प्रिय लिव्हत न्हाई. शमशू बी लिव्हत न्हाई.

काल गेटसमोर सभा व्हती. पोपट शिडी घेऊन आला. सगळ्यांच्या डोळ्यांदेखत वर चढला आन् पुढचा सात काढला. पुढचा! मी ओरडलो, अरे शेपटीकडनं काढायचा असतो! तो वरनंच म्हणला, "दादा, जनावराला दुसरं बी टोक असतं." तीन वर्षांनी माझ्याशी थेट बोलला आन् काय बोलला, तर हे.

भिंतीवर उरलं ३९३९. पोपट खाली उतरला आन् खडूनं भिंतीवरच गणित मांडलं. तीन, नऊ, तीन, नऊ. चोवीस. चोवीसला तीननं भाग जातो, म्हणून याला बी जातो. मंग ओठ चावत चावत भागाकार केला. तेराशे तेरा. बाकी शून्य! सात नेऊन ठेवला खांद्यावर, गदेसारखा, आन् ओरडला, "झाली वाटणी! तीन वाटे! तेराशे तेरा, तेराशे तेरा, तेराशे तेरा!"

पोरांनी त्याला बी टाळ्या वाजवल्या. या पोरांना कशाला बी टाळ्या वाजवायला लागतात.

रविराज म्हणला, काका, पण तुम्ही तर दोघंच आहात ना, तिसरा वाटा कुणाचा? मागनं मथुरा म्हणली, "दीपमालाचा. बहीण हाय की एक. विसरला काय दोघं?" मंग सभा संपली.

आता माझं ऐक. पोपटला नऊ नव्वे किती विचारलं तर तो इकडं तिकडं बघतो. हे डोकं त्याचं न्हवं. पुढनं घाव घालायचा, हे पुण्यात एकाच माणसाला सुचतं. पन्नास-साठ वर्षांची दोस्ती, आन् तू माझ्या आकड्याचं डोकं कुठं ठेवलंय ते माझ्या दुश्मनाला दाखवलंस. सात गेल्याचं मला किती लागलंय तुला कळायचं न्हाई. तो सगळ्यात पुढचा व्हता. घरातल्या थोरल्यासारखा. त्याला काढलं की मागच्यांची वाटणी झालीच म्हणून समज.

उत्तर लिव्हू नको.

जयसिंग लोणकर

*

पुणे
१३ मार्च २०२५

प्रिय जयसिंग,

उत्तर लिहू नको म्हणालास, म्हणून लिहितो. तू सांगितलेले मी यापूर्वी कधी ऐकले होते?

होय, मीच सांगितले. पोपटने शंका विचारली, मी नियम सांगितला. तुझ्याशी दगा करावा म्हणून नाही. शंका विचारली की माझे तोंड आपोआप उघडते, जसे तुझे सभेत उघडते. तरी तुला आधी कळवायला हवे होते. ते चुकले. त्याबद्दल मला काय बोलायचे ते बोल, मशीन काढून ऐकेन.

आता गणिताचे. संख्या हरलेली नाही. मी तुला शेपटीची हमी दिली होती, डोक्याची नाही. नुसता पुढचा सात काढला असता आणि मागचे सगळे असते, तर उरलेल्या संख्येला अकराने भाग गेला असता. हे मला पहिल्या दिवसापासून माहीत होते. तू विचारले नाहीस.

पण गणित बाजूला ठेव. तुझे पत्र मी पुन्हा पुन्हा वाचले. त्यात सातासाठी इतक्या ओळी, शिडीसाठी ओळी, खडूसाठी ओळी, माझ्या उद्धारासाठी तर विचारूच नकोस. आणि मथुरावहिनी जे बोलल्या त्यावर तू काय लिहिलेस? 'मंग सभा संपली.'

जयसिंगा, सभा का संपली?

मला दीपमाला चांगली आठवते. आपण दोघे शाळा बुडवून कालव्यात पोहायला जायचो आणि ती काठावर कपडे सांभाळत बसायची. आता ती कुठे असते? नर्सची नोकरी संपल्यावर यवतला भाड्याच्या खोलीत राहते असे तूच कधीतरी म्हणाला होतास. बिल्डरच्या कागदावर तिचीही सही लागली असेल ना? सहीनंतर तिला काय मिळाले? साडी?

पाच फ्लॅट, दोन भाऊ, आणि एक उरतो म्हणून तुम्ही तीन वर्षे भांडता आहात. शाळेतले साधे पोरगेही सांगेल, बाकी उरली तर आधी भाजक बरोबर घेतला का ते बघावे.

तुझाच
शमशुद्दीन

*

हडपसर
९ एप्रिल २०२५

प्रिय शमशू,

एवढे दिवस लिव्हलं न्हाई. आधी रागानं लिव्हलं न्हाई आन् मंग लाजेनं.

सही घेतली व्हती. साडीच दिली व्हती. मथुरानं निवडलेली, म्हणून चांगली तरी व्हती. ती आमची बहीण हाय हे आम्ही विसरलो न्हवतो रे. पण तिनं कधी मागितलं न्हाई, आन् न मागणाऱ्याला काय पाहिजे असंल असं आमच्या घरात कुणाच्या मनातच येत न्हाई.

तुजं पत्र वाचून मी मथुराला म्हणलं, पोपटला सांग, यवतला जायचं हाय. तिनं या वेळी ओरडायला नकार दिला. म्हणली, "घसा माझा हाय. पायऱ्या तुमच्या हायत." मंग मी गेलो. पोपटनं दार उघडलं. तो म्हणला, "दादा, सोळाशे एक्याऐंशीला कशानं भाग जातो?" मी म्हणलं, "एकेचाळीसनं." थापच मारली. त्यानं कागदावर भागून बघितलं आन् माझ्या तोंडाकडं बघायला लागला. बरोबर निघालं म्हणं! त्यानं मला आत बोलावून चहाच दिला.

यवतपर्यंत गाडीत पोपट पुढच्या गाड्यांचे नंबर वाचून पुटपुटत व्हता.

दीपमालानं दार उघडलं, दोघांना शेजारी शेजारी बघितलं आन् पहिला प्रश्न विचारला, "कोण गेलं?"

कुणी गेलं न्हाई म्हणल्यावर तिनं दोघांच्या नाड्या बघितल्या. पोपटनं तेराशे तेराचं सांगायला सुरुवात केली. तिला वाटलं त्याला ताप चढलाय. मंग मीच सरळ सांगितलं. आमचं चुकलं, तिसऱ्या मजल्यावरचा तो दोन कुलपांचा फ्लॅट तुजा हाय, राहायला चल. ती बराच वेळ स्टोव्हकडं तोंड करून उभी राहिली. मला वाटलं रडतीय. वळून म्हणली, "दुधाकडं बघत व्हते. उतू गेलं असतं. किती खोल्या हायत?"

दोन, म्हणलं.

"हवा खेळती हाय?"

हाय, म्हणलं. खरं म्हंजी तीन वर्षं आम्ही कुणी आत गेलोच न्हवतो.

पोपटची किल्ली हरवलेली, माझी गंजलेली. दोन्ही कुलपं तोडली. आत कबुतरं! स्वयंपाकघराच्या फुटक्या काचेतनं शिरलेली. हॉलमधी एक टोळी, बेडरूममधी दुसरी, आन् मधल्या दारात एक लठ्ठ कबुतर, दोन्हीकडच्यांना टोचत. दीपमाला म्हणली, "मळा तुमचा, भाडेकरू बी तुमच्यासारखेच." तिनं पदर खोचला, आम्हा दोघांच्या हातात खराटे दिले, आन् ती खुर्ची टाकून बसली. संध्याकाळपर्यंत ती उठली न्हाई आन् आम्हाला बसू दिलं न्हाई.

नावाचा निकाल तिनंच लावला. म्हणली, तात्या आन् आई एका पाटीवर बी भांडतील, राहू द्या. सामान घेऊन येताना रिक्षावाल्याला तिनं पत्ता सांगितला तर तो म्हणला, "आकडेवाली सोसायटी ना? बसा." ती म्हणली, नाव पडलंय की. आता नव्यानं बारसं कशाला? सगळ्यांनी हात वर केले. पोपटनं सगळ्यात आधी केला, आन् मी वर केलेला बघून खाली घेतला न्हाई.

पलंगाखालचे अंक पोपटनं आणून दिले. पुसून, तेल लावून. सात पुढं बसवला, बाकीचे मागं. टँकरखाली गेलेला तीन मात्र सरळ होईना, म्हणून तो लावला न्हाई. भिंतीवर ७३९३९१३ एवढं हाय. चालतं न्हवं?

दीपमालानं वास्तुशांत न्हाई घातली, पण येत्या रविवारी शेंगोळी करणार हाय. तू आन् कमरजहां वहिनी सकाळीच निघा, म्हणजे जेवायला पोचाल. मशीन घालून ये, दीपमाला हळू बोलते. म्हणजे आम्हाला दम देताना हळू बोलते.

आन् तू जे केलंस त्याची शिक्षा मी ठरवलीय. पोपटला आता भागाकाराचं वेड लागलंय. इथं दारात गाडी लागली की नंबर भागतो, लग्नाच्या पत्रिकेवरची तारीख भागतो. परवा मयताला गेला तर तिथं बी माणसं मोजून म्हणला, मूळ हायत, कुणी जाऊ नका. आम्हाला सोसवत न्हाई. त्याला शंका विचारायला तू शिकवलंस, तूच निस्तर. दर शनिवारी तुज्याकडं पाठवतो.

तुजा
जयसिंग

*

पुणे
१९ एप्रिल २०२५

प्रिय जयसिंग,

शेंगोळी अजून जिभेवर आहे. कमरजहांने दीपमालाकडून कृती घेतली आणि दीपमालाने तिच्याकडून माझ्या औषधांच्या वेळा घेतल्या. आता मला दोन्हीकडून फोन येतात. सुदैवाने मशीन शिट्टी मारते.

७३९३९१३ चालते. झोकात चालते. गेटवर उतरलो तेव्हा एक रिक्षावाला भिंतीकडे बघून मला म्हणाला, "चाचा, आकडा बरेच दिवस हलला नाही, आता मोठा लागणार." मी त्याला मूळ संख्या समजावू लागलो. कमरजहांने हाताला धरून आत नेले.

शिक्षा मान्य. पोपट आज सकाळी आला. माझ्या पाया पडला, आंब्याची पेटी ठेवली, पेटीत आंबे किती ते सांगितले, त्यांना कशाने भाग जात नाही तेही सांगितले. मग मांडी घालून बसला आणि त्याने आपली शंका काढली: शून्याने भाग का जात नाही?

मी दुपारपर्यंत समजावले. जेवण झाले, पुन्हा समजावले. आता दिवेलागण झाली आहे. कमरजहांने ताटे मांडली आहेत आणि माझ्याकडे बघते आहे.

काय करू, सांग. भागही जात नाही आणि पोपटही जात नाही.

तुझा
शमशुद्दीन